मागच्या खोलीतली ढेप

अक्काचं वजन कमी करायचं ऑपरेशन ठरलं आणि माझा जळफळाट सुरू झाला. क्रांतीअक्का माझी थोरली जाऊ. तिचं वजन एकशे सोळा. माझं ब्याण्णव, म्हणून माझा विचारच नाही. तिच्यासाठी थोरले दीर लष्करातून सुट्टी काढून आले, आमच्या सासूनं, आत्याबाईंनी, जोतिबाला नवस बोलला. बाळंतपणात मी एवढी सुटले ते घरात कुणाला दिसलंच नाही.

"पोट बारीक झालं की तुझ्या लग्नातला ब्लाऊज मला हुईल बघ," मिरजेच्या वाटेवर अक्का हसली. तो ब्लाऊज आता मलाच होत नाही. मी मांडीवरच्या माझ्या तान्ह्या साक्षीचं टोपडं उगाच नीट करत राहिले.

ऑपरेशनआधी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या मॅडमनी तिला तासभर प्रश्न विचारले. नंतर घरातलं माणूस म्हणून मला आत बोलावलं.

"लपून खाता का विचारलं, तर त्या नाही म्हणाल्या. तुम्हाला काय वाटतं? हे नापास करायला नाही. तसं असेल तर आधी त्यावर उपचार करू, ऑपरेशन नंतर."

मला 'नंतर' एवढंच ऐकू आलं.

"खातात. रोज दुपारी आत्याबाई झोपल्या की मागच्या खोलीत जातात. गुळाची ढेप सुरीनं खरवडतात. पोट दुखेपर्यंत. मग रडतात, आणि गोणपाट होतं तसं झाकून ठेवतात."

"तुम्ही पाहिलंय?"

"बऱ्याचदा. दाराच्या फटीतून."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या वेळी तुम्ही तिथं कशाला जाता?"

साक्षी झोपली होती, तरी मी तिला थोपटायला लागले.

"त्या बाहेर यायची वाट बघत असते," शेवटी मी म्हणाले. "मग मी आत जाते."

बाहेर अक्का बाकावर बसली होती.

"काय इचारलं गं?"

"गुळाचं." तिचा चेहरा उतरला. "मी सांगितलं, अक्का. तुमचंही, माझंही. तारीख पुढं गेली. मंगळवारी दोघींना बोलावलंय."

तिनं माझ्या हातातला मंगळवारच्या तारखेचा कागद ओढून घेतला. त्यावरही तिचंच नाव वर होतं.

"आन् मी येडी," मग ती म्हणाली, "वरीसभर उंदरास्नी शिव्या घालत हुते."