देविदासचे सदरे

मी एक जुने कपाट आहे, मित्रांनो. दोन दारे, आत तीन फळ्या आणि सदरे अडकवायला एक लोखंडी गज. माझे तीन पाय लाकडाचे आहेत, चौथ्याच्या जागी वीट आहे. चाकूरच्या व्यंकटी सुताराने मला काही सागाच्या आणि काही बाभळीच्या फळ्यांतून घडवले. दमट हवेत ही दोन लाकडे सारखी फुगत नाहीत, म्हणून पावसाळ्यात माझे डावे दार अडते. लाकूड ओल धरते, तसा वासही धरते. मी जे सांगणार आहे त्यातले बरेच मला वासामुळे कळले.

चांगुणाबाईच्या लग्नात तिच्या वडिलांनी मला दिले. बैलगाडीतून मी तिच्या सासरी आले, चाकूरपासून दोन कोसांवरच्या खेड्यात. घरात तिचा नवरा देविदास, सासू कावेरीबाई आणि शाळेत जाणारा धाकटा दीर लक्ष्मण. गावात दुसरे कपाट नव्हते. कावेरीबाई येईल त्याला माझे दार उघडून दाखवी आणि पुन्हा हळूच लावी. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरीचा तळ दिसू लागला. विहिरी खोदणाऱ्या एका टोळीबरोबर देविदास तेलंगणाकडे गेला. पोचलो की कार्ड टाकतो, म्हणाला. त्याचे चार सदरे माझ्यात राहिले, तीन रोजचे आणि एक लग्नातला. लग्नातला खालच्या फळीवर धडप्यात बांधून ठेवलेला होता, डांबरगोळ्या घालून. रोजचे तीन घामेजलेले तसेच गजावर अडकवले गेले. परगावी गेलेल्याचे कपडे तो पोचल्याची खबर येईपर्यंत धुवायचे नाहीत, अशी त्या घरची रीत होती.

खबर आली नाही. एक महिना नाही, एक वर्ष नाही. टोळीतली माणसे परतली; देविदास नांदेडच्या स्टेशनावर आमच्यातून निघून गेला, एवढेच ती सांगत.

कावेरीबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. दिसायचे कमी झाले तसे तिचे नाक आणि बोटे तीक्ष्ण झाली. रोज दिवेलागणीला ती चाचपत माझ्याकडे येई, दार उघडी, एकेका सदऱ्याची बाही नाकाशी धरी आणि म्हणे, "हाय. वास हाय अजून. माझं लेकरू जितं हाय."

घामाचा वास किती दिवस टिकतो, हे मला ठाऊक आहे. आधी आंबूस वास येतो, मग तो कुबट होतो आणि शेवटी कापडावर मिठाची पांढरी रेघ तेवढी उरते. हे सदरे मात्र कधीच त्या टोकाला पोचले नाहीत. त्याचे कारण मी रोज पाहत होते. चांगुणाबाई खडी फोडायच्या कामावर जाई. उन्हाने हात भाजत, लुगडे विरत चाललेले. एके सकाळी तिने देविदासचा सदरा काढला आणि लुगड्यावर चढवला. आमच्या भागात कामावरच्या बायका असा नवऱ्याचा सदरा घालतातच, त्यात लपवण्यासारखे काही नव्हते. फक्त सासूला कसे सांगावे, हे तिला सुचले नाही. संध्याकाळी तिने तो घामाने ओलाच गजावर अडकवला. कावेरीबाईने बाही हुंगली आणि त्या दिवशी तिचा चेहरा उजळला.

पुढच्या वर्षी पाऊस पडला, ओढ्याला पाणी आले. चांगुणाबाईने न सांगता तिन्ही सदरे धुतले, वाळवले आणि परत लावले. कावेरीबाईने पहिला हुंगला, दुसरा हुंगला, तिसरा हुंगला. मग माझ्यापुढे खालीच बसली. दोन दिवस तिने भाकरीला हात लावला नाही. तिसऱ्या सकाळी चांगुणाबाईने सदरा घातला आणि गरज नसताना दिवसभर उन्हात बांध खणत राहिली. रात्री सासूने भाकरी मागितली.

त्या दिवसानंतर चांगुणाबाईने सदरे घालायचे थांबवले नाही. दहा वर्षे. आलटूनपालटून, एकाचाही वास उडू नये अशा बेताने. बाहीला ठिगळ लागले ते कावेरीबाईच्या बोटांना कळले. उंदराने कुरतडले, असे सुनेने सांगितले. गल्लीत सगळ्यांना माहीत होते, म्हातारीला सांगत कोणी नव्हते. फक्त सरजाबाई म्हणून एक शेजारीण होती, तिने शपथेवर सांगितले की सांजेला बांधावरून देविदासचा सदरा एकटाच चालत येताना तिने पाहिला, आत माणूस नव्हता. तेव्हापासून पोरे आमच्या दारावरून पळत जात. मला मात्र तो सदरा इतका जिवंत लागे की कधीकधी मीच गोंधळे. वास कोणाचा आणि आठवण कोणाची, हे माझ्या लाकडात वेगळे राहिले नव्हते.

मग ब्याऐंशी साली लातूर नवा जिल्हा झाला. लक्ष्मण आता लक्ष्मणराव होता. त्याला नव्या कचेरीत शिपायाची नोकरी लागली आणि दोन खोल्या भाड्याने मिळाल्या. चांगुणाबाईलाही मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचे काम ठरले, पगारी, बाराही महिन्यांचे. सोमवारी हजर व्हायचे होते. रविवारी टेम्पो येणार होता. टेम्पोवाल्याने सांगितले होते, कपाट रिकामे असेल तरच चढवीन.

कावेरीबाईने माझ्या दाराला पाठ लावली. लक्ष्मणरावाने समजावले, मग आवाज चढवला. ती एकच बोलत राहिली, "कपडे हलले तर त्याला घर कसं गवसंल?" तिला एकटीला सोडणे शक्य नव्हते. चांगुणाबाई तिच्यासाठी मागे राहणार, हे सगळ्यांनी न बोलता गृहीत धरले. शनिवारी सकाळी चांगुणाबाईने नेहमीसारखा सदरा चढवला आणि मुगाच्या शेंगा तोडायला निघाली. वसतिगृहाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

पंचफुला तिची कामावरची जोडीदारीण. सदऱ्यावरून तिची रोज थट्टा करी, पण रानात. त्या दिवशी विसरली आणि दारातूनच हाक दिली, "काय देविदासराव, आज इस्तरी न्हाई केली व्हय?"

कावेरीबाई उठून उभी राहिली.

भिंत धरत ती दारापर्यंत आली. उंबऱ्यात सदरा उभा होता. तिने दोन्ही हातांनी त्याला कवटाळले, खांद्यावर नाक टेकले आणि खोल श्वास घेतला. "आलास, लेकरा," ती म्हणाली. "लई उशीर केलास."

चांगुणाबाई हलली नाही. थोडा वेळ ती त्या मिठीत तशीच राहिली. मग म्हातारीची बोटे खांद्यावरून कोपरावर, कोपरावरून बाहीच्या टोकाशी आली आणि बांगड्यांवर थांबली.

"मी हाय, आत्याबाई."

"कधीपासून?"

"दुष्काळापासून."

पंचफुला केव्हाच निघून गेली होती. चांगुणाबाईने सासूला माझ्यासमोर बसवले आणि सगळे सांगितले. धुतलेल्या सदऱ्यांचे, दोन उपाशी दिवसांचे, उंदराचे. कावेरीबाई रागावली नाही. तिने एवढेच विचारले, "कोणता घातला न्हाईस?"

"लग्नातला."

"तो आण."

चांगुणाबाईने खालच्या फळीवरचे गाठोडे सोडले. लग्नापासून बारा वर्षे ठेवलेल्या डांबरगोळ्या झिजून मुगाएवढ्या झाल्या होत्या. कावेरीबाईने सदऱ्याची एक बाही हुंगली, मग दुसरी, मग काखेत, गळ्याशी. तिने सदरा उलटा केला आणि आतून हुंगला. मला माहीत होते तिथे काय आहे. धूळ, डांबर आणि माझाच जुना वास.

"ह्यात कोणीच न्हाई," ती म्हणाली.

ती रडली ती नंतर, दुपारी, तोंडावर पदर घेऊन. त्याआधी तिने तो लग्नातला सदरा शेजारच्या नरसिंग सालगड्याला देऊन टाकायला सांगितले, कोणाच्या तरी अंगात जाऊ दे म्हणाली. उरलेले तीन तिने स्वतः गजावरून काढले, चाचपत घडी घातली आणि सुनेच्या मांडीवर ठेवले. "हे त्याचे न्हाईत. दहा वरसं तुलाच हुंगून राहिले मी. चल लातूरला. पोरींना उपाशी ठेवू नगंस."

टेम्पोत चढवताना माझा एक पाय मोडला. लातूरच्या मागच्या खोलीत मी अजून आहे. कावेरीबाई पुढे चार वर्षे जगली. दिवेलागणीला ती सवयीने माझे दार उघडी, रिकाम्या गजावरून हात फिरवी आणि दार लावी. त्या वेळी माझे लाकूड करकरे. लोक म्हणत, हवा पालटली.

मित्रांनो, नको असलेले कपडे साठवू नका. ते देऊन टाका, ज्याच्या अंगात जातील त्याला द्या. पण कपाट रिकामे करायला बसाल तेव्हा घरातल्या थकल्या माणसाला शेजारी बसवा, एकेक कपडा त्याच्या हातात द्या आणि तो आता कोण घालते ते खरे सांगा. मला सगळे दिसत होते, पण मला तोंड नव्हते. तुम्हांला आहे.