मोळी सोडताना

बाळीबाय काहीतरी लपवते आहे, हे चंद्रीला कळलं ते तिच्या तहानेवरून. अंबरनाथच्या शिवमंदिरामागे ओढ्याकाठी मोळ्या टेकवून सगळ्या बायका ओंजळीनं पाणी प्यायल्या. बाळीबाय तेवढी, हल्ली मोळीही पदराआडूनच धरायची तशी, पदरात हात गुंडाळून बसून राहिली.

"मना तहान नाय," म्हणाली.

डोंगरातून डोक्यावर मोळी घेऊन आलेल्या बाईला तहान नाही? चंद्रीच्या मनात पाल चुकचुकली.

बदलापूरकडच्या डोंगरातल्या त्यांच्या वाडीच्या सात-आठ बायका बाळीबायच्या मागून चालत. लढाईच्या दिवसांत कल्याणच्या कॅम्पात गोरे सोजीर होते, तेव्हापासून ती तिथं लाकडं नेत होती. पुढं सोजीर गेले, फाळणीनंतर सिंधी लोक येऊन राहिले, बराकीबराकीत चुली पेटल्या. कॅम्पाला उल्हासनगर नाव मिळालं तरी या बायकांच्या तोंडी तो कॅम्पच राहिला. कुठल्या वाटेनं गेलं की रानातला गार्ड आडवा येत नाही, कुठल्या बराकीतली बाई मोळी घेते, सगळं बाळीबाय ठरवायची. पण आता घरोघरी घासलेटचे स्टो फुरफुरायला लागले होते. दारोदार फिरूनही मोळ्या उरायच्या. आणि नेमक्या याच दिवसांत बाळीबाय कॅम्पात पोचली की म्हणायची, "तुमी व्हा पुढं, मी येतंय मागून."

"त्या कापडं रंगवनाऱ्या टेकचंद शेठच्या वट्यावर बसून च्या पीत होती," चिमी एकदा चंद्रीच्या कानाशी लागली. "कपात!"

चंद्रीला रात्रभर झोप लागली नाही. मागच्या साली असाच एक मुकादम गोड बोलून तिच्या भावाला, देऊला, वीटभट्टीवर घेऊन गेला होता. 'मी हाय ना' म्हणायचा. देऊ परत आला तो नुसता हाडांचा सापळा होऊन. 'मी हाय ना' म्हणणाऱ्या माणसाचा तेव्हापासून चंद्रीला विश्वास वाटत नसे.

दुसऱ्या दिवशी ती बाकीच्यांबरोबर वळली खरी, पण कॅम्प नंबर एकच्या कोपऱ्यावरून मागे फिरली. बराकींच्या मागे टेकचंदची कापड रंगवायची पत्र्याची शेड होती. फटीतून चंद्रीनं पाहिलं. वाफाळत्या हौदात बाळीबाय काठीनं कापड ढवळत होती आणि टेकचंद तिच्यावर ओरडत होता, "अरे बाबा, रंग जास्ती हो गया! कितनी बार बोला!" मग आवाज उतरवून त्यानं विचारलं, "अपनी औरतें कब लाएगी?"

"आनीन. सबूर कर."

चंद्रीचं डोकं सणकलं. म्हणजे आपला सौदा चाललाय! ती धावतच निघाली. परतीच्या वाटेवर देवळामागे बायकांना गाठून तिनं सगळं सांगितलं, आणि बाळीबाय आली तशी सगळ्यांदेखत विचारलं, "आमाला कितीला इकलंस गो?"

बाळीबायनं पदरातून हात बाहेर काढले. कोपरापर्यंत निळे, बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली.

"सोड्याच्या पान्यानं जातंय सालटं," ती म्हणाली. "शेठला बोल्ले, लांब काठ्या दे, हाताला तेल दे, मंग बाया आनतंय. काम बरं का वाईट ते आदी मी बघतंय. आमी मोळ्या सोडतंय असा बोभाटा झाला आन् हितलं काम नाय मिळालं, तर मोळीचं हातचं गिऱ्हाईकबी जातंय."

दोघी-तिघींचे डोळे भरून आले. चंद्रीचे नाही.

"हात दाखवून काय व्हतंय? जायाचं आमाला, आन् ठरवनार तू एकली? तो मुकादमबी देऊला कायच सांगत नव्हता."

ते मात्र बाळीबायला लागलं. तिनं हात पुन्हा पदरात घेतले. "चुकलं माजं," ती म्हणाली. "उद्या तू चल. तुज्या डोळ्यानं बघ."

चंद्री गेली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा काम अवघड होतं, पण ते तिच्या हाताला बसलं. ओलं कापड वाळल्यावर किती फिकं पडेल, हे तिला बघताक्षणी कळे. बाळीबायला महिना घालवूनही कळत नव्हतं. काठ्या आल्या, तेल आलं, आणि मग बाकीच्या बायकाही आल्या. थोड्याच दिवसांत टेकचंद म्हणाला, "मुकादमीन ये होनी चाहिए."

"व्हय, हीच," बाळीबाय लगेच म्हणाली.

चंद्रीला यातही काळंबेरं दिसलं. "का देतंस मना?"

"रानात मना वाट कळते. हितं नाय कळत. मी पुढं चालले तर सगळ्याच खड्ड्यात."

चंद्रीनं तिच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली, पण सापडली नाही.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा टेकचंदनं चंद्रीला बाजूला घेतलं. कापड वाळणार नाही, निम्म्याच बायका पुरतील. "अभी किसीको बोलना नहीं. काम अटक जाएगा."

गप्प राहणं किती सोपं असतं, ते चंद्रीला तेव्हा कळलं. आतल्या बायका हसतखिदळत कापड पिळत होत्या. सांगितलं की हे हसणं बंद होणार. न सांगितलं तर चार दिवस तरी सुखाचे. ती शेडच्या दारात घुटमळली, आणि मग तिथूनच तिनं सगळं जसंच्या तसं सांगून टाकलं.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. कधीकाळी तिनं बाळीबायकडे बघितलं होतं, तसंच.

"आन् तू?" पहिली बोलली ती बाळीबायच. "तू त्या निम्म्यांत का भायेर?"

"पाळी लावू. आज निम्म्या, उद्या निम्म्या. मीबी पाळीत."

"पन शेठ खरंच इतकंच बोल्ला?" चिमीनं विचारलं. "का तुमचं दोगांचं आनिक काय ठरलंय?"

चंद्रीच्या जिभेवर शिवी आली होती. ती तिनं गिळली आणि दारातून बाजूला सरली.

"शेठ वट्यावर बसलाय. जा, इचार त्याला."

चिमीनं हात लुगड्याला पुसले आणि ती खरोखरच विचारायला गेली.