वळणावरची लगोरी

नेड्राने बुटाच्या टाचेने लगोरी उडवली. दगड खडखडत कोरड्या ओढ्यात घरंगळले. मग तिने खाली वाकून एकेक दगड उचलला आणि चार दिशांना भिरकावून दिला, म्हणजे मागून येणाऱ्या कोणाला पुन्हा रचायची बुद्धी होऊ नये.

"ताई, तुला पगार मिळतो का गं याचा?" तिचा धाकटा भाऊ व्हर्ल म्हणाला.

"मिळायला हवा खरं तर."

हिवाळा आला, की घळीत लगोऱ्यांचं पीक येई. बाहेरगावचे लोक येत, दगडावर दगड रचत, फोटो काढत आणि निघून जात. त्यांच्या मागून येणारे दुसरे बाहेरगावचे लोक त्याच लगोऱ्यांना वाटेच्या खुणा समजून भलतीकडे जात. म्हणून गावातल्या दर गुरुवारी चालायला निघणाऱ्या मंडळींनी ठरवून टाकलं होतं, दिसली लगोरी की पाडायची. या कामात नेड्राचा हात धरणारं कोणी नव्हतं.

पुढच्या वळणावर आणखी एक होती. इथे ओढ्यातली वाट दोन फाट्यांत फुटायची. डावीकडची वाट जुनिपरच्या झाडांमधून खिंडीकडे चढायची आणि पलीकडच्या घळीतून फिरून पुन्हा गाड्यांपाशी उतरायची. ओढा मात्र उजवीकडे आत आत जाऊन उभ्या कातळाला धडकायचा. लगोरी गुडघाभर उंच होती. सपाट तांबडे दगड, डगमगू नयेत म्हणून फटींत बसवलेल्या चिपा.

"ही कोणीतरी मन लावून रचलीय," व्हर्ल म्हणाला. "असू दे की."

"मन लावून केलेली घाण घाण नसते का? आणि आपल्या गावात खिंडीचं वळण दगड लावून दाखवावं लागतं कोणाला?"

तिने पाय उचलला. ही लगोरी एका लाथेत पडली नाही, दोन लागल्या.

खिंडीत सावलीच्या बाजूला बर्फ होतं, उन्हाच्या बाजूला बसून दोघांनी सुकं मांस आणि संत्री खाल्ली, थर्मासमधलं गरम चॉकलेट प्यायलं. व्हर्ल तिला उगाच छेडत राहिला आणि ती हसत राहिली. दुपार कलल्यावर दोघं पलीकडच्या घळीतून खाली उतरली, तेव्हा नेड्राचे पाय मस्त दुखत होते आणि ती स्वतःवर खूश होती.

त्यांच्या गाडीशेजारी गब्लरांची जुनी पिकअप उभी होती. आत थेन गब्लर यांची बायको आर्ला मांडीवर लोकर घेऊन बसली होती. तिने काच खाली केली.

"थेन भेटला का वाटेत? तुमच्या मागून तासाभराने निघाला तो."

"नाही," नेड्रा म्हणाली. "एकटेच गेले?"

थेन गब्लरना या घळीत एकटं जायला कोणाची परवानगी लागावी, हेच मुळात नवल होतं. चर्चमधल्या निम्म्या पोरांना त्यांनीच इथे चालायला शिकवलं होतं. नेड्रा आठ वर्षांची असताना त्यांच्याच मागून पहिल्यांदा खिंड चढली होती. पण गेल्या दोन वर्षांत ते नावं विसरू लागले होते, आणि या शरद ऋतूत डॉक्टरने त्या विसरण्याला एक नाव दिलं होतं. गावाला ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

"आमचा करार झालाय," आर्ला म्हणाली. "गेल्या आठवड्यात त्याने त्या फाट्यावर एक लगोरी रचली. म्हणाला, 'मी रचलेली मला सापडते तोवर मला अडवू नकोस. ज्या दिवशी सापडणार नाही, त्या दिवसापासून एकटा जाणार नाही.' तुम्हाला दिसली का गं ती?"

नेड्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या. एक शब्द पुरला असता. आर्ला तोंडाकडे बघत होती, लोकरीची सुई हातात तशीच धरून.

"लक्ष नाही गेलं," नेड्रा म्हणाली.

व्हर्लने तिच्याकडे पाहिलं, मग तो आपल्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागला.

"ऊन गेलं की इथे हाडं गोठतात," ती घाईने म्हणाली. "व्हर्ल, तू आत्ता उतरलो त्याच वाटेने खिंडीपर्यंत जा, उतरत असले तर भेटतील. मी ओढ्यातून जाते."

ओढ्यातून ती जवळजवळ धावतच गेली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त लाज याची, की पाडलेल्या लगोरीपेक्षा आपण पकडले जाऊ याचीच धास्ती मोठी होती. बासष्ट वर्षांची बाई, आणि फुलदाणी फोडून पडद्याआड उभ्या राहिलेल्या पोरीसारखी खोटं बोलून मोकळी झाली.

थेन फाट्यावरच सापडले. एका धोंड्यावर बसले होते, एक तळवा सोललेला, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली.

"ब्रदर गब्लर!" चर्चमधल्या सवयीने तिने हाक मारली. "लागलं का हो?"

"पडलो थोडा. आत कातळापर्यंत जाऊन आलो." त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तू नेड्रा. बघ, नाव आलं."

"आलं की. चला, उठा. आर्ला वाट बघतेय."

ते उठले नाहीत. "गंमत सांगू तुला? मी इथे आलो तेव्हा पाय आपोआप डावीकडे वळले. म्हटलं हेच वळण. पण लगोरी नव्हती. म्हणजे हे वळण नव्हे. म्हणून पुढे गेलो."

नेड्राने जाकिटाची चेन अर्धी उघडली.

"मला एकेक दगड आठवतोय गं. खालचा मोठा उचलताना कंबरेत उसण भरली, तेसुद्धा. आणि मी ती रचलेलीच नाही." ते हसायला गेले आणि ते जमलं नाही. "विसरणं मी समजू शकतो, पोरी. पण जे केलंच नाही ते आठवायला लागलं, तर मग कशाचा भरवसा धरायचा माणसाने?"

तिने तोंड उघडलं. "ब्रदर गब्लर, ती लगोरी..."

"हं?"

"खूप गारठा पडलाय. हे माझं जाकीट घाला आधी."

वाटभर ती मनाला समजावत राहिली, की हे असं ओढ्यात सांगायचं नाही, आर्लासमोर सांगायचं, दोघांना एकदमच. थेन तिचा दंड धरून चालत होते. सकाळी याच वाटेने ते एकटे आले होते.

गाड्यांपाशी पोचल्यावर थेन गाडीच्या दाराला टेकले आणि आर्लाला म्हणाले, "नव्हती गं लगोरी. संपलं. आता एकटा जाणार नाही." आर्लाने त्यांना आत बसवलं, पांघरूण घातलं, हात पुसून दिला. मग ती मागे येऊन पाण्याचा कॅन काढू लागली. नेड्रा तिच्याजवळ गेली.

"आर्ला, मी खोटं बोलले. लगोरी होती. मीच पाडली, बाहेरच्यांची समजून. त्यांना वळणही बरोबर आठवलं होतं. मी आत्ता सांगते त्यांना."

आर्लाचा हात कॅनवर थांबला. तिने विश्वास ठेवला, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मग तिने नेड्राचं मनगट घट्ट पकडलं.

"नको सांगूस."

"अगं पण त्यांना वाटतंय, की त्यांचं डोकं..."

"दोन हिवाळे मी या गाडीत बसून विणतेय. दर वेळी वाटतं, आज नाही यायचा हा. आज तो आपणहून म्हणाला." तिचा आवाज अगदी हलका झाला होता. "माझ्यावर चिडून नाही म्हणाला, नेड्रा. आपणहून. तेवढं राहू दे मला."

"आणि त्यांचं काय?"

आर्लाने तिचं मनगट सोडलं, कॅन उचलला आणि पुढे जाऊन गाडीत बसली.

तेवढ्यात व्हर्लही खिंडीकडून धापा टाकत उतरला. थेनना गाडीत बघून त्याने सुटकेचा श्वास टाकला, मग बहिणीकडे बघत थांबला. ती काय बोलते, याचीच तो वाट बघत होता.

थेननी काच खाली केली. "नेड्रा, इकडे ये जरा."

ती गेली. तिचं जाकीट अजून त्यांच्या अंगावर होतं.

"तुमच्या गुरुवारच्या मंडळींत म्हातारा चालेल का एखादा? लुडबुड नाही करणार. मागेच राहीन. तू पुढे हो, वाट तुला माहीत आहे."

त्यांच्या पलीकडे आर्ला समोरच्या काचेतून सरळ बाहेर बघत होती.

"आठला निघतो आम्ही," नेड्रा म्हणाली. "हातमोजे घालून या."