उंबरवाडीचा नगारा

मळवली स्टेशनाच्या अलीकडे आगगाडीचा भराव जिथे वळण घेतो, तिथून उंबरवाडी पूर्ण दिसते. भैरवनाथाचे देऊळ, त्याला टेकून बसलेली घरे, आणि घरांमागे हळूहळू चढत जाणारा माळ. मार्गशीर्ष संपत आला होता; दिवेलागणीची वेळ होती. भाताची झोडपणी उरकली होती आणि रिकाम्या खाचरांवर धुराची पातळ, निळी घडी पडली होती. सर्कल इन्स्पेक्टर महिपतराव शेलार प्रांतसाहेबांच्या मागे एक पाऊल सोडून उभे होते. दंडावर बांधलेली हवाई बचावाची नवी खाकी पट्टी त्यांना सारखी घसरल्यासारखी वाटत होती.

ते युद्धाचे दिवस होते. कलकत्त्यावर बाँब पडल्याची बातमी ताजी होती, आणि मुंबईहून घाट चढून येणाऱ्या या लोहमार्गालगतची गावे रात्री दिसता कामा नयेत, असा हुकूम सुटला होता. लोणावळ्यात इशाऱ्याचा भोंगा बसवला होता, पण त्याचा आवाज डोंगराला अडून खोऱ्यात उतरेपर्यंत विरून जाई. तेव्हा महिपतरावांनीच सुचवले होते, की गावोगावच्या देवळांतले नगारे वापरावेत. नगारा अखंड वाजू लागला की दिवे मालवायचे, चुली विझवायच्या, घरात शिरून दारे लावून घ्यायची. उंबरवाडीत दवंडी पिटली गेली होती. लोकांनी माना हलवून होकार दिला होता. आज त्याची पहिली परीक्षा होती.

परीक्षा गावाची होती तितकीच त्यांचीही. फाल्गुनात ते सेवानिवृत्त होणार होते. तलाठी म्हणून याच गावात त्यांनी नोकरीला आरंभ केला होता. पुढचे सारे आयुष्य पंचनामे, पूर, पटकी, दुष्काळ यांतच गेले. पत्नी वारली तेव्हाही ते कुठल्याशा वाहून गेलेल्या बांधावर होते. निवृत्तीनंतर सकाळी उठून कुठे जायचे, हा प्रश्न त्यांना अलीकडे अंधारातल्या पायरीसारखा भासे. पाय टाकावा आणि खाली काहीच नसावे. प्रांतसाहेबांनी मात्र सहज बोलता बोलता सुचवले होते, की आजचे नीट पार पडले तर लाईनीवरच्या सर्व गावांच्या बचावाचे काम युद्ध संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहील. साहेब तरुण होते, मितभाषी होते, आणि दिलेला शब्द पाळणारे होते.

साहेबांनी घड्याळ पाहून मान डोलावली. महिपतरावांनी रुमाल हलवला. देवळाच्या ओट्यावर नथू गुरव वाट पाहतच होता.

नगारा वाजू लागला. आरतीच्या वेळचा थांबत थांबत येणारा ठेका हा नव्हे. हा एकसलग होता, श्वास न घेणारा. महिपतरावांना तो पूर्वी कधीतरी ऐकल्यासारखा वाटला. खाली एक दिवा मालवला. मग दुसरा. मग देवळाच्या बाजूची सगळी ओळ विझली. साहेब हलकेच म्हणाले की उत्तम, फारच उत्तम.

आणि मग एका दारातून विस्तव बाहेर आला.

लाल, हलता, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरचा ठिपका. त्याच्यामागे शेजारच्या दारातून दुसरा. पाहता पाहता घराघरांतून ते ठिपके निघाले, बोळात एकत्र झाले आणि एकामागे एक माळाच्या वाटेला लागले. शेळ्यांचे ओरडणे ऐकू आले, रडणारे मूल ऐकू आले. गाव अंधारात बुडाले होते आणि गावाची आग डोंगर चढत होती. आभाळातून कुणी पाहत असते तर त्याला याहून स्पष्ट खूण देता आली नसती.

साहेबांनी वळून विचारले, "हे काय चालले आहे?"

महिपतरावांना उत्तर ठाऊक होते. ही रांग त्यांनी पूर्वी पाहिली होती. पाहिली कसली, त्यांनीच ती घडवली होती. ते इथे तलाठी असताना प्लेग आला होता. घर सोडायला कुणी तयार नव्हते. तेव्हा दारोदार फिरून त्यांनी लोकांना पढवले होते, की घरात उंदीर मरून पडला की साथ आली समजायचे. नगारा अखंड वाजला की मागेपुढे पाहायचे नाही. अंथरूण घ्यायचे, देव्हाऱ्यातले देव घ्यायचे, खापरात चुलीतला विस्तव घ्यायचा, दाराला काटी लावायची आणि माळावर झोपड्यांत जाऊन राहायचे. विस्तव विसरायचा नाही, कारण माळावर थंडीने माणसे मरतात. पुढल्या काही साथींत हे गाव त्या एका आवाजावर रिकामे होत असे, आणि वाचत असे.

इतक्या वर्षांत कुणी काहीच विसरले नव्हते. पुढे म्हाताऱ्या, मध्ये गुरे नि मुले, मागे पुरुष. रांगेचा क्रमसुद्धा तोच. लाजेने मान खाली जायला हवी होती. तशी ती गेलीही. पण त्याच क्षणी त्यांचे डोळे भरून आले आणि त्या पाण्याचे नाव काय, हे त्यांना सांगता आले नसते.

ते भरावावरून उतरले. साहेब मागोमाग आले.

माळाच्या पहिल्या टप्प्यावर झुंबरबाई टेकली होती. सत्तरीची, वाकलेली, गावातली सगळ्यात वडील बाई. मांडीशी देवांचे गाठोडे आणि समोर खापरात निखारे. तिच्या तोंडावर गोंधळ नव्हता. सबंध माळावर तेवढी एकच बाई निवांत दिसत होती. महिपतरावांना पाहून तिने पदर सारखा केला आणि बरे झाले स्वतः आलात, असे म्हणाली. पाटलाने निरोप वेळेवर पोचवला म्हणायचा.

कसला निरोप, त्यांनी विचारले.

"उंदराचा. सकाळच्याला आमच्या कनगीखाली पडलेला घावला न्हवं का."

मागे उभा असलेला पाटील, दत्तोबा, खाकरला. उंदराची गोष्ट त्याच्या कानावर आली होती खरी. पण संध्याकाळी साहेब यायचे होते. आजच्या दिवशी सरकारपुढे नसता घोर कशाला, उद्या सांगू, असे त्याने ठरवले होते. गावाने मात्र दिवसभर त्या उंदराचीच चर्चा केली होती आणि नगारा वाजला तेव्हा कुणाच्याही मनात विमान आले नाही. सर्कलसाहेबांना कळले, त्यांनी बाहेर पडायला सांगितले, एवढेच सर्वांनी ऐकले.

"मांजरानं मारला आसंल, साहेब," दत्तोबा पुटपुटला. "सुगीचे दिस. उंदरं काय कमी हायत व्हय."

महिपतरावांनी उंदीर दाखवायला सांगितले. झुंबरबाईचा मुलगा कोंडाजी पुढे झाला. त्याने तो चिमट्याने उचलून गोवऱ्यांत जाळला होता. मेलेला उंदीर ठेवायचा नाही, लगेच जाळायचा, हेही महिपतरावांनीच शिकवलेले. आता पाहण्यासारखे काही उरले नव्हते. अंगावर जखम होती का, हे कोंडाजीने पाहिले नव्हते. एकच होता का, हेही त्याला नक्की सांगता येईना. धान्याच्या कणगीखाली हात कोण घालणार?

साहेबांनी महिपतरावांना थोडे बाजूला घेतले. त्यांचा स्वर चढलेला नव्हता, म्हणूनच तो अधिक जड वाटला. एक उंदीर, तोही आता नाही. इकडे लाईन, आणि थोड्या वेळात लष्करी सामानाची गाडी. लोकांना घरात पाठवावे, विस्तव विझवावा, दवंडीत सांगितले तसे. उद्या डॉक्टर बोलावून घरे तपासता येतील.

सारे बरोबर होते. महिपतरावांनी सरकारी नोकरीत असले बरोबर हुकूम आयुष्यभर आनंदाने पाळले होते. ते माणसांकडे वळले. शंभर डोळे त्यांच्यावर होते. परत जा, एवढेच म्हणायचे होते. या माणसांनी त्यांचे ऐकले असते. तेच तर भयंकर होते. त्यांनी आत जा म्हटले की ही माणसे आत जातील, दार लावतील, आणि कणगीच्या शेजारी अंथरूण पसरतील.

"भाऊ," झुंबरबाई म्हणाली, "तवा आमचं म्हातारं उठंना, तर तुमी त्येला बाजंसकट उचलून हितं आनलंत. आता दंडाला फडकं बांधलं तर सांगनंबी बदललं व्हय?"

मागे कुणीतरी हसले. महिपतरावांचा हात नकळत त्या पट्टीकडे गेला. त्यांना वाटले, आपल्या आत दोन माणसे उभी आहेत. एक तरुण तलाठी, जो दारे ठोठावून बाहेर या म्हणतो आहे. एक म्हातारा अंमलदार, जो आत जा म्हणतो आहे. आवाज दोघांचा एकच, आणि दोघेही जीव वाचवण्याचेच सांगत आहेत. यांतला खोटा कोण?

थंडी उतरू लागली होती. समोर खापरातला निखारा वाऱ्याने उजळला, मंदावला, पुन्हा उजळला. महिपतराव खापरापाशी वाकले. मग त्यांनी विचारले, "मावशी, रोज निजताना चुलीचं काय करता?"

झुंबरबाईने त्यांच्याकडे असे पाहिले, जणू त्यांचे चित्त ठिकाणावर नाही. "काय करायचं? इस्तव राखंत झाकायचा. सकाळी उकरायचा."

"तसाच झाका. सगळ्याजणी. आत्ता."

खापराच्या काठाशी जमलेली राख तिने बोटांनी निखाऱ्यांवर ओढली, वर दोन मुठी माती पसरली. शेजारी बसलेल्या सुनेने तिचे पाहून केले, तिच्या पलीकडच्या बाईने तिचे पाहून. लाल ठिपके खालून वर एकेक मिटत गेले आणि माळ काळा झाला. राखेखालची ऊब हातांना लागेल एवढीच होती.

गाडी आली. दिवे झाकलेली, लांबलचक, नुसता धडधडाट. ती वळणावरून गेली तेव्हा अंधारात एक गाव उघड्यावर बसलेले आहे, हे तिच्यातल्या कुणालाही कळले नसेल.

आवाज विरल्यावर साहेब जवळ आले. ते रागावले नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर महिपतरावांना स्वतःचाच गोंधळ दिसला.

"शेलार, माणसे बाहेर आहेत आणि गाव दिसत नाही. हे मी वर काय म्हणून कळवू? जमले म्हणून, की फसले म्हणून?"

"मलाही कळत नाही, साहेब."

साहेबांनी काळ्या माळाकडे एकदा पाहिले. मग म्हणाले की डॉक्टर सकाळी येईल. लाईनीच्या कामाविषयी मात्र पुन्हा विचार करावा लागेल. ज्या इशाऱ्याने लोक आत जातील की बाहेर येतील हे सांगणाऱ्यालाच ठाऊक नसते, तो इशारा ठेवता येणार नाही. ते स्टेशनाच्या दिशेने निघून गेले. महिपतरावांनी त्यांच्यामागे जायला हवे होते. ते गेले नाहीत.

कोंडाजीने त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली. ते बसले. अंधारात माणसे कुजबुजत होती, मुले झोपी जात होती. दंडावरची पट्टी त्यांनी सोडली, घडी केली, आणि ती कुठे ठेवावी हे न सुचल्याने हातातच धरून ठेवली. उद्या कणगी हलवली की त्यांच्या हातून आज काय घडले ते कळेल, असे त्यांनी स्वतःला सांगून पाहिले. पण कणगीखाली काही निघाले नाही, तर आजचे चूक ठरेल का? आणि निघाले, तर बरोबर ठरेल का?

"भाऊ," शेजारून झुंबरबाईचा आवाज आला, "पुना नगारा वाजला तर काय समजायचं? आत, का भाईर?"

उभ्या आयुष्यात या गावाने त्यांना जे विचारले, त्याचे उत्तर त्यांच्याजवळ नव्हते असे झाले नव्हते.

"आज भाईर," ते म्हणाले.

"आन् उद्याच्याला?"

महिपतरावांनी खापर जवळ ओढले आणि राखेवर तळवे धरले. म्हातारी वाट पाहत होती.