जसंच्या तसं

लेक गेल्याला आठ महिने झाले, तेव्हा कुठे आईनं ती डिस्क कपाटातून काढायचा धीर केला. आजारपणात पोरीनं खास आईसाठी बोलून ते तीत साठवलं होतं, आणि मी असेपर्यंत ऐकायचं नाही असं बजावलंही होतं. तिचा लॅपटॉप कंपनीचा होता, तो कंपनीनं परत नेला. तिचा आवाज आता तेवढ्या काळ्या डबीतच उरला होता.

वडिलांनी डिस्क आपल्या जुन्या कॉम्प्युटरला जोडली. दिवा लागला, आत घरघर झाली, पण पडद्यावर काही उगवेना. काढून घातली, वायर बदलली, तरी ढिम्म. या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स लेकीनंच घातलं होतं आणि बाबांचं घोडं कुठे अडू नये म्हणून एका वहीत टपोऱ्या इंग्रजी अक्षरांत आज्ञा लिहून दिल्या होत्या. त्या जशाच्या तशा टाइप करायच्या, एकही टिंब खायचं नाही.

जसंच्या तसं करण्यात त्यांचा हात कोण धरणार! छत्तीस वर्षं छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. मजकूर वाचत बसलं की हात चुकतो, हे त्यांना पहिल्याच वर्षी शिकवलेलं. कादंबरी असो की कुणाच्या मृत्यूची बातमी, ते अक्षर बघत, अर्थ नाही. इंग्रजी धड येत नसूनही जाडजूड इंग्रजी पुस्तकं त्यांनी बिनचूक जुळवली होती, आणि हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत.

बाहेरच्या डिस्कचं पान सापडलं. चार आज्ञा. एकेक अक्षर, एकेक टिंब बघत त्यांनी त्या चढवल्या. मध्येच कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं. त्या ओळीपुढे लेकीनं वाय हे अक्षर लिहून ठेवलंच होतं, ते त्यांनी दाबलं. आई मागे खुर्ची ओढून बसली होती.

पडद्यावर डिस्क उगवली. ओळखली गं, असं ते म्हणाले तेव्हा कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज मोकळा झाला होता.

उघडली तर आत काही नाही. कॉम्प्युटरनं स्वतःच केलेला एक रिकामा फोल्डर, बस. त्यांनी वही पुन्हा हातात घेतली आणि या वेळी वाचली. पानाच्या डोक्यावर लाल शाईत लेकीनं लिहिलं होतं, "बाबा, ही नवी डिस्क कोरी करून घ्यायची कृती आहे. आत काही असेल तर थांबा, पुढचं पान बघा."

त्यांची बोटं कीबोर्डवरच राहिली.

"लावा ना," आई म्हणाली. "पहिल्यापासून लावा."

"पुसलं गं मी. सगळं. माझ्याच हातानं."

तिनं वही ओढून घेतली. लाल ओळी तिनं वाचल्या.

"हे तर आपल्या भाषेत लिहिलंय," ती म्हणाली.