वळण स्वच्छ दिसायला हवं

नवा रोलर कोस्टर उभा राहत होता आणि आम्ही पाच-सहा वेडे रोज कुंपणाबाहेरून रुळांचे फोटो काढून ग्रुपवर भांडायचो. तिसऱ्या वळणावर गाडी उलटी होणार, असं ग्रुपवर 'मोजपट्टी' या नावाने वावरणारा आमच्यातला एक जण छातीठोकपणे सांगायचा. मी म्हणायचो, डोंबलाची उलटी. फोटोत कामगार आला, तर त्याला पुसूनच फोटो फोनमध्ये ठेवायचा आणि ग्रुपवर टाकायचा, हा आमचा नियम. वळण स्वच्छ दिसायला हवं ना.

मग त्याच वळणावरून एक वेल्डर पडला आणि जागीच गेला. पुढच्या आठवड्यात त्याची बायको कुंपणापाशी आली.

"भाऊ, तुम्ही रोज फोटो काढता म्हणे. ह्यांचा कामावरचा एखादा असेल ना?"

मोजपट्टीने फोन तिच्या हातात दिला. ती एकेक फोटो सरकवत राहिली. प्रत्येकात वळण अगदी स्वच्छ दिसत होतं.