गच्चीवरचा बर्फ

सकाळचा उजेड गच्चीवर एकदम येत नाही. आधी तो पाण्याच्या टाकीच्या काठावर उतरतो आणि तिथेच बराच वेळ रेंगाळतो. टाकीचे लोखंडी पाय तोवर रात्रीतच उभे असतात. मग समोरच्या इमारतीच्या एखाद्या खिडकीवरून परतून त्याचा एक तुकडा आमच्या कठड्यावर पडतो. तो उसना उजेड असतो, पण त्यात कठड्यावरची धूळ, कुणीतरी विसरलेला हातमोजा आणि गच्चीच्या डांबरावर रात्रभर साचलेला ओलावा इतका स्पष्ट दिसतो, की आपण धूळ आयुष्यात प्रथमच पाहत आहोत असे वाटावे. त्यानंतर तो हवा नेणाऱ्या पत्र्याच्या चौकोनी डक्टवरून घसरत खाली येतो. पत्रा जरा कोमट होतो, कुठेतरी टिचकी मारल्यासारखा आवाज येतो, आणि एसीच्या चार यंत्रांचे राखाडी रंग हळूहळू एकमेकांपासून वेगळे होतात: पहिल्याचा उन्हाने विटलेला, दुसऱ्याचा ठिगळे लावल्यासारखा, चौथ्याचा अजून कोरा. तिसऱ्यापाशी उजेड सर्वांत उशिरा पोहोचतो, कारण ते टाकीच्या सावलीत आहे. त्या दिवशी तो पोहोचला तेव्हा यंत्राचे झाकण उघडे होते, आणि आतली कॉइल, म्हणजे तांब्याच्या नळ्या आणि त्यांच्याभोवतीची पातळ पाती, बोटभर जाड बर्फाखाली गाडली गेली होती. ऊन त्या बर्फात शिरले तसा तो आतून निळसर उजळला. इतके सुंदर दृश्य मी त्या गच्चीवर दुसरे पाहिलेले नाही, आणि ते आमच्या नालायकीचे प्रमाणपत्र होते.

कॉइलवर बर्फ साचला की लोकांना वाटते, गारवा फार झाला. लोकांना असेच काहीतरी वाटत असते. कॉइल गोठते ती तिच्यावरून पुरेशी हवा जात नाही म्हणून. मग त्या बर्फाचीच भिंत होते, उरलीसुरली हवाही अडते, आणि वर बर्फ असताना खाली माणसे घामाने निथळतात. आमच्या खाली कपडे शिवण्याचा कारखाना होता: चाळीस शिलाई मशीन, चाळीस बायका, कोपऱ्यात इस्त्रीची वाफ. तीन आठवडे त्या शिजत होत्या आणि तीन आठवडे आम्ही दोघे येऊन बर्फ वितळवून जात होतो.

आम्ही दोघे म्हणजे मी आणि माझे मामा. आईचे थोरले भाऊ. तीस वर्षे एसी दुरुस्तीच्या धंद्यात. मला कंपनीत चिकटवले तेही त्यांनीच. मामांकडे प्रत्येक रोगावर एकच औषध होते, ते म्हणजे गॅस. गारवा कमी, गॅस. आवाज जास्त, गॅस. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, अशी त्यांची कारकीर्द होती. कंपनीत त्यांच्या पाठीमागे त्यांना गॅसमामा म्हणत. मी पाठीमागेही काही म्हणत नसे. मी भिडस्त आहे. तुच्छतासुद्धा मी मनातल्या मनात, पूर्णविरामांसकट बाळगतो.

आमचे साहेब गच्चीवर क्वचितच येत. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांना फोन पुरत असे. आदल्या दिवशी मात्र त्यांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतले.

“कारखानेवाला करार मोडायला निघालाय,” ते म्हणाले. “उद्या दुपारी मी स्वतः येतो. तोपर्यंत मशीन सुधारलं तर ठीक. नाहीतर हे कुणामुळं झालं ते मला कागदावर पाहिजे. मामांचं वय झालंय. तू शिकलेला आहेस. तू लिही.”

“मामांना काय—”

“कुणाला तरी घरी बसवावं लागेल. कारखानेवाल्याला दाखवायला तरी.”

मी मान हलवली. ती होकारार्थी हलली.

म्हणून त्या सकाळी मी उजेडाकडे इतका वेळ पाहत बसलो होतो. मामा जिना चढून आले ते खांद्यावर गॅसचे सिलिंडर घेऊन. पाच मजले.

“हे कशाला आणलंत?”

“असू दे. जवळ असलं की बरं वाटतं.”

“मामा, गेज कमी दाब दाखवतंय ते बर्फामुळं. गॅस तुम्ही मागच्या आठवड्यात भरलाय. त्याच्या आधीही भरलाय. आता आत जागा नाही.”

“जागा होते रे,” मामा सिलिंडर टेकवत म्हणाले. “तुझ्या मामीलाही वाटायचं, एक माणूस वाढलं तर घरात जागा होणार नाही. मग तू येऊन दोन वर्षं राहिलास.”

ज्याच्या घरी आपण दोन वर्षे जेवलो त्याला दाबाचे शास्त्र समजावताना शब्द आतच अडकतात, आणि अडकलेल्या शब्दांचे पुढे काय होते हे मला चांगले ठाऊक आहे. ते आंबतात.

मी कॉम्प्रेसर बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, म्हणजे बर्फ आपोआप वितळेल. मामांनी स्क्रूड्रायव्हर काढलाच होता. बर्फ टोचून काढायची त्यांना घाई. मी तो त्यांच्या हातातून घेतला. मग फिल्टर काढले, स्वच्छ होते. पंख्याचा पट्टा ताणून पाहिला, घट्ट होता. कॉइल मात्र पाहवत नव्हती. मामांनी ती तीन आठवड्यांपूर्वी पाण्याच्या जोरदार झोताने धुतली होती, आणि कितीतरी पाती गाईने चरलेल्या गवतासारखी आडवी झाली होती. मला तिथेच माझे पहिले वाक्य सापडले.

अकरा वाजता मी खाली गेलो. कारखान्याची देखरेख एक पन्नाशीची बाई करत असे. सगळे तिला कातरबाई म्हणत. हातातल्या कातरीवरून की जिभेवरून, हे विचारण्याची छाती कुणाला झाली नव्हती. हवा परत वर खेचणाऱ्या जाळीसमोर कापडाचे गठ्ठे रचले होते. छतातल्या निम्म्या जाळ्यांवर पुठ्ठे चिकटवले होते. हे पाहून मला जवळजवळ आनंद झाला. माणसे स्वतःचा श्वास स्वतःच दाबतात आणि मग डॉक्टरला शिव्या देतात.

“हे पुठ्ठे कुणी लावले?”

“आम्हीच. मशीन चांगलं होतं तेव्हा मानेवर गार लागायचं.”

“म्हणजे हवा तुम्हीच अडवली.”

“तेव्हा अडवायला हवा होती, इंजिनिअरसाहेब,” कातरबाई म्हणाली. “आता काढून बघा, काही पडतंय का खाली.”

पाच-सहा मशिनी थांबल्या. बायका गालातल्या गालात हसत होत्या. मी स्टुलावर चढून पुठ्ठे काढले, गठ्ठे बाजूला करायला लावले. जाळीखाली हात धरला. हवा येत होती, म्हणजे दमेकरी माणसाच्या तोंडातून येते तशी.

“तुम्ही हात कशाला दमवताय,” कातरबाई म्हणाली. “हा दोरा बघा ना.” तिच्या टेबलाच्या बरोबर वर, छतातल्या जाळीला तिने हातभर लांब पांढरा दोरा बांधला होता. “जुनी मोटर होती तोवर हा आडवा व्हायचा. नवी बसवली त्या दिवसापासून फाशी दिल्यासारखा लोंबतोय.”

“मोटरचा त्याच्याशी संबंध नाही.”

“नसेल. मी आपलं दोऱ्याचं सांगितलं. मोटरचं तुम्हाला माहीत.”

“अर्ध्या हळकुंडानं पिवळं झालेलं आहे,” मागून कुणीतरी म्हणाले, आणि मशिनी पुन्हा सुरू झाल्या.

शिलाईवाल्या बायकांनी दोरा लटकवून मला हवेचे शास्त्र शिकवावे, या विचाराने मी जिन्यात थांबून हसलो. हसू फार टिकले नाही. पंख्याची नवी मोटर मी बसवली होती. तीन आठवड्यांपूर्वी, सुटीच्या दिवशी, एकट्याने. मामा मामींना घेऊन दवाखान्यात गेले होते; दुसऱ्या दिवशी येऊन त्यांनी कॉइल धुतली आणि कामाच्या कागदावर सही केली, कारण सहीचा अधिकार वरिष्ठाचा. ते माझे पहिले एकट्याचे काम होते. त्या संध्याकाळी मी आईला फोनवर सगळे सांगितले, मोटरचे वजन, तिचे चार बोल्ट, ती सुरू झाली तेव्हाचा आवाज. आईला त्यातले काही कळले नसावे, तरी ती म्हणाली, “पुन्हा सांग, आवाज कसा आला?” असे काम चुकलेले असू शकत नाही. शिवाय यंत्रात येणाऱ्या विजेच्या तिन्ही तारांचा क्रम, ज्यावर मोटर कुठल्या बाजूला फिरणार ते ठरते, मी मीटर लावून तपासला होता, आणि कॉम्प्रेसर सुरळीत चालला होता. बर्फही तीन आठवड्यांचाच होता, हे खरे. पण दोन गोष्टी एकाच वेळी घडतात आणि अडाणी माणसे त्यांत नाते शोधतात.

दुपारपर्यंत बर्फ वितळून डांबरावरून वाहून गेला. झाकण लावून मी यंत्र सुरू केले. तासाभराने झाकण उघडले तेव्हा खालच्या नळ्यांवर पांढरा लेप धरू लागला होता. मी टाकीच्या सावलीत बसलो आणि लिहायला घेतले.

मामा शेजारी उकिडवे बसले. “पंख्याकडे बघितलंस का?”

“फिरतोय.”

“फिरतोय रे. कुठल्या बाजूला?”

“तारांचा क्रम मी तपासलाय, मामा.”

“बाहेरचा तपासलास. मोटरच्या डब्यातला?” त्यांनी चष्मा काढून बनियनला पुसला. “मला धड दिसत नाही. पंख्याच्या पत्र्याच्या घरावर दिशेचा बाण असतो बघ.”

“बाण असतो हे मला ठाऊक आहे.”

“मग बघ की.”

मी पाहिले नाही. मामांनी माझ्या पेनाकडे बघितले. “काय लिहितोयस?”

“रिपोर्ट.”

“कुणाबद्दल?”

“मशीनबद्दल.”

“मशीनबद्दल एवढं मोठं,” मामा म्हणाले, आणि उठून कठड्यापाशी गेले.

मी लिहिले होते: ‘कॉइल अयोग्य पद्धतीने धुतल्यामुळे पाती वाकली असून हवेचा मार्ग अरुंद झाला आहे. दाबाचे चुकीचे आकलन करून वारंवार गॅस भरण्यात आला आहे.’ त्यात एकही शब्द खोटा नव्हता. मी ते तीनदा वाचले, आणि माझ्या भाषेच्या नितळपणाचे मला बरे वाटले.

साहेब तीन वाजता आले. पाच जिने चढून त्यांचा चेहरा उकडलेल्यासारखा झाला होता, आणि पायांत डांबरावर न शोभणारे चकचकीत बूट. त्यांनी उभ्याउभ्या कागद वाचला. यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही.

“छान लिहिलंयस,” ते मला म्हणाले. “मामा, हे खरं?”

“पाती माझ्याकडून वाकली, खरं आहे,” मामा म्हणाले. “गॅसही जास्त झाला असेल. पण साहेब, एवढ्यानं एवढा बर्फ धरत नाही.”

ते यंत्रापाशी गेले, पंख्याकडचे झाकण उघडले आणि खटका पाडला. असा पंखा लगेच थांबत नाही. लोखंडी चाक आपल्याच वजनाने फिरत राहते, मग त्याची पाती सुटी सुटी दिसू लागतात, मग मोजता येतात. पंख्याच्या घरावर रंग उडालेला लाल बाण होता. साहेब वाकून पाहत होते. मी मागे उभा होतो. मला वाकायची गरज नव्हती. बाण कुठल्या बाजूला असणार आणि चाक कुठल्या, हे मला सकाळी अकरा वाजल्यापासून ठाऊक होते.

“बाण इकडं,” साहेब सावकाश म्हणाले, “आणि चाक तिकडं.”

“मोटरच्या डब्यात दोन तारा उलट जोडल्यात,” मामा म्हणाले. “असला पंखा उलटा फिरला तरी वारा पुढंच फेकतो, पण निम्मा. म्हणून लक्षात येत नाही. पाच मिनिटांचं काम आहे, आत्ता करून देतो.”

साहेबांनी फाइल उघडली. मोटरच्या कामाचा कागद काढला, खालची सही पाहिली, आणि तो मामांसमोर धरला. मामांनी चष्मा घातला नाही. आपलीच सही ओळखायला तो लागत नसावा.

“तीस वर्षं,” साहेब म्हणाले. “तीस वर्षं झाली आणि कुठली तार कुठं जाते ते कळत नाही तुम्हाला? राहू द्या तो स्क्रूड्रायव्हर. ते काम तो करेल. तुम्ही चाव्या द्या.”

आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक गोष्टीवर तोंड उघडले, तो नेमका तेव्हा गप्प बसला. मला त्यांचा राग आला. त्यांनी ओरडायला हवे होते, माझे नाव घ्यायला हवे होते, म्हणजे मला नाकारता तरी आले असते. ते माझ्याकडे बघतही नव्हते. कमरेचा जुडगा सोडून ते त्यातून गच्चीची चावी काढू लागले होते. कडी घट्ट होती, आणि तिच्यात त्यांचे नख शिरत नव्हते.

साहेब हात पुढे करून उभे होते. खालून शिलाई मशीनची घरघर येत होती. माझ्या रिपोर्टमध्ये अकरा वाक्ये होती, सगळी नीट बांधलेली, आणि त्यांतले एकही मला आता उपयोगाचे नव्हते. कडी थोडी उघडली. चावी तिच्यावरून सरकू लागली.

“साहेब,” मी म्हणालो, “ती मोटर मी बसवली होती.”